बेदाण्याच्या हिशेबाचं ॲप बनवू का? कोड लिहिण्याआधी मागणी कशी तपासायची

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मूळचे तासगाव तालुक्यातले, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. घरी द्राक्षबाग आहे, दरवर्षी बेदाणा करून कोल्ड स्टोअरेजला ठेवतात. कोल्डला किती बॉक्स शिल्लक, कुठल्या सौद्यात, म्हणजे लिलावात, किती गेले, काय दर निघाला, भाडं किती झालं, कुठल्या पट्टीचे (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीचे) पैसे यायचेत, हे सगळं शेतकऱ्याला मोबाईलवर दिसावं असं ॲप त्यांना करायचंय. गावातल्या आणि पैपाहुण्यांतल्या चाळीसेक जणांना विचारलं, सगळे म्हणाले, ‘लई भारी, कर.’ तर नोकरी सोडून सहा महिने बसून हे बनवावं का?

नोकरी सोडू नका. आणि निदान पुढचे तीन-चार महिने कोडही लिहू नका. कल्पना वाईट आहे म्हणून हे सांगत नाही. सांगली-मिरजेकडच्या अडत दुकानांना, कोल्ड स्टोअरेजना आणि कुपवाडच्या काही कारखान्यांना मी बरीच वर्षं सॉफ्टवेअर करून देतोय. तुम्ही सांगताय ती अडचण खरी आहे. पण ती सोडवायला पैसे कोण देणार, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेलं नाही, आणि सगळं अडतंय ते तिथेच.

आधी त्या चाळीस जणांबद्दल. तुम्ही बहुतेक ‘असं ॲप केलं तर वापराल का’ असंच विचारलं असणार. आपल्याकडे ओळखीच्या पोराला तोंडावर ‘नको’ म्हणणारा माणूस विरळा. पोरगं शिकलंय, पुण्याला आहे, घरचं काहीतरी करायला बघतंय, मग त्याला नाउमेद कोण करेल? शिवाय ‘भारी’ म्हणायला काहीच पडत नाही. म्हणून पुढच्या वेळी ॲपचं नावच काढू नका. फक्त गेल्या हंगामाबद्दल विचारा, आणि विचारून गप्प बसा. बोलणं साधारण असं होतं:

‘गेल्या साली कोल्डच्या हिशेबात कधी फरक पडला का?’
‘पडला की. कोल्डवाला म्हणतोय एकशे बारा बॉक्स, माझ्या चिठ्ठ्या सांगत्यात एकशे सोळा.’
‘मग काय केलंत?’
‘गेलो. दिवाणजीनं वही काढली, दोन तास बसलो. चार बॉक्स भावाच्या नावावर पडलं हुतं.’
‘त्यानंतर काही वेगळं करायला लागलात?’
‘आता पोरगी वहीत लिहून ठेवतीया. दर सौद्याला फोटो काढतो पट्टीचा.’

या माणसाचं नाव लिहून ठेवा. त्रास झाला, त्यापायी दोन तास गेले आणि त्यावर त्याने स्वतःच काहीतरी उपाय सुरू केला, असा हा माणूस आहे. उलट ‘फरक पडतोय कधी कधी, चालायचंच’ म्हणणाऱ्याला त्रास आहे, पण त्यासाठी तो हात हलवणार नाही, खिशात तर घालणारच नाही. चाळीस ‘भारी’मधून पहिल्या प्रकारचे किती निघतात ते बघा. पाच निघाले तरी मी चांगलं म्हणेन.

आता पैशाकडे येतो. या व्यवहारात तिघे आहेत: शेतकरी, कोल्डवाला आणि शेतकऱ्याचा माल कमिशनवर सौद्यात विकून देणारा अडत्या. त्रास शेतकऱ्याला होतो, पण माहिती त्याच्याकडे नसते. बॉक्स आत किती आले, बाहेर किती गेले हे कोल्डच्या वहीत असतं. दर काय निघाला, अडत, हमाली, तोलाई किती कापली, आधी दिलेली उचल किती वळती केली हे अडत्याच्या पट्टीवर असतं. या दोघांनी माहिती दिली नाही, तर तुमच्या ॲपमध्ये शेतकरी स्वतः भरेल तेवढंच दिसणार. आणि बागेतून थकून आलेला माणूस रात्री आकडे भरत बसत नाही. पहिले दोन दिवस भरेल, नंतर नाही.

त्यातही अडत्याच्या बाजूने विचार करा. अमुक पट्टीचे पैसे अमुक दिवसांपासून येणे आहेत हे शेतकऱ्याच्या मोबाईलवर रोज दिसत राहिलं, तर ते अडत्याला कितपत सोयीचं आहे? पुष्कळ पेढ्या व्यवहाराला चोख असतात, त्यांना ते मिरवायलाही आवडेल. पण ज्याला व्यापाऱ्याकडूनच पैसे उशिरा येतात, त्याला ही यादी नकोच असणार. सौद्यात बॉक्स फोडताना उधळण होते, म्हणजे थोडा माल सांडतो, तिच्यावरून वजनाची कुरबूर आधीच असते, त्यात आणखी एक हिशेब कशाला, असंही त्याला वाटेल. गरज भरपूर आणि मागणी शून्य, असं जे होतं ते बहुतेक वेळा इथे होतं. पैसे देणाऱ्याचा फायदा आणि वापरणाऱ्याचा फायदा एकमेकांच्या आड येतात. हे कोड लिहून सुटत नाही, म्हणून ते आधी तपासायचं.

माझा अंदाज असा, की तुमचं पहिलं गिऱ्हाईक कोल्डवाला आहे. त्याला शेतकऱ्याच्या हिशेबाची कळकळ असो वा नसो, स्वतःची एक डोकेदुखी आहे: सतत येणारे फोन. ‘माझं किती राहिलंत?’ ‘काल किती निघालं?’ ‘भाडं किती झालं सांगा.’ पण हा माझा अंदाज झाला, तुम्ही तो पडताळून बघा. ओळखीच्या एका कोल्डमध्ये मालकाला सांगून सौद्याच्या दिवशी सकाळपासून दिवाणजीजवळ बसा. वहीच्या एका पानावर तीन रकाने करा: कोण आलं किंवा कुणाचा फोन आला, काय विचारलं, उत्तर द्यायला दिवाणजीला किती वेळ लागला. मध्ये काही सुचवू नका, फक्त टिपत राहा.

त्या एका दिवसात जे कळतं ते महिनाभराच्या चर्चेत कळत नाही. वहीत एकाच गावचे, एकाच नावाचे तीन पाटील असतात. दिवाणजी त्यांना ‘मळ्यातला’, ‘टाकीजवळचा’ असं ओळखतो, आणि ही ओळख वहीत नसते, त्याच्या डोक्यात असते. माल वडलांच्या नावावर, फोन मुलाचा. दोन भावांचा माल एकाच लॉटला लागलेला, आणि मधल्या काळात वाटण्या झालेल्या. एका लॉटमधले हिरवे बॉक्स गेले, पिवळे राहिले, पण नोंद नुसती बॉक्सची. आणि एक नाजूक गोष्ट: कित्येकांना आपले किती बॉक्स शिल्लक आहेत हे घरात किंवा भावकीत कळायला नको असतं. तुमचा मेसेज चुकीच्या मोबाईलवर गेला, तर त्या कोल्डचं एक खातं कायमचं तुटेल.

त्या वहीकडेही नीट बघा, कारण तुमची स्पर्धा तिच्याशी आहे. लाईट गेली तरी ती चालते, दोघांच्या समोर उघडते, भांडण झालं तर बोट ठेवून दाखवता येते. तुमच्या ॲपने यातलं काय द्यायचं, याचं उत्तर आधी हवं. बऱ्याच कोल्डमध्ये वहीच्या जोडीला संगणकावर एखादं जुनं सॉफ्टवेअर किंवा टॅलीही असतं. ते असूनही वही का सुटली नाही, हे दिवाणजीला अवश्य विचारा.

यानंतरची पायरी म्हणजे कोड न लिहिता सेवा देणं. एकच कोल्ड धरा आणि त्यातली पंचवीस-तीस खाती. सौदा झाला की संध्याकाळी दिवाणजीकडून त्या खात्यांच्या नोंदी फोटोवर मागवा, एक्सेलमध्ये तुम्ही स्वतः भरा आणि व्हॉट्सॲपवर प्रत्येकाला हाताने मेसेज करा: ‘आज ४० बॉक्स निघाले. शिल्लक २१०. आजअखेर भाडं इतकं.’ पुण्यात बसून नोकरी सांभाळून रात्री तासाभरात होणारं काम आहे. शेतकऱ्याची परवानगी आधी घ्या, तोंडी घेतली तरी ती कुठे तरी टिपून ठेवा. आधार किंवा बँकेचा तपशील मागूच नका, लागत नाही.

हे पाच-सहा सौदे चालवा. मेसेजला किती जणांनी उत्तर दिलं, आकडा चुकला तेव्हा किती जणांनी लगेच फोन केला, कोल्डवरचे फोन खरंच कमी झाले का, हे मोजा. मग एका सौद्याला मुद्दाम मेसेज पाठवू नका, मात्र दिवाणजीला तसं आधी सांगून ठेवा. ‘आज मेसेज न्हाई आला?’ असं विचारायला किती जण फोन करतात, यापेक्षा खरी चाचणी मला तरी माहीत नाही. कुणीच विचारलं नाही, तर तुमच्या ॲपची उणीव कुणाला भासलेली नाही, असा अर्थ घ्यायचा.

हाताने काम करून मागणी बघणं ही कमीपणाची गोष्ट नाही. १९९९ मध्ये निक स्विनमर्नने झॅपॉस सुरू करताना बुटांचा साठा केला नव्हता. दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, वेबसाईटवर टाकले, आणि ऑर्डर आली की दुकानातून बूट विकत घेऊन पाठवले. लोक न घालून बघता इंटरनेटवरून बूट घेतात का, एवढंच त्याला बघायचं होतं. २०१० मध्ये जोएल गॅस्कॉइनने बफरसाठी, म्हणजे सोशल मीडियावर ठरल्या वेळी पोस्ट टाकणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, वेबसाईटची नुसती दोन पानं केली: एकावर काय करणार ते, दुसऱ्यावर ईमेल द्यायची जागा. लोकांनी ईमेल दिल्यावर त्याने मध्ये किमतीचं पान घातलं, आणि किंमत बघूनही कोण पुढे येतं ते पाहिलं. ते मधलं पान मला फार मोलाचं वाटतं. फाइली इंटरनेटवर ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्सची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच: २००८ मध्ये ड्रू ह्यूस्टनने एक छोटा व्हिडिओ टाकला आणि प्रतीक्षायादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली. पण तो व्हिडिओ ज्यांनी बघितला ती माणसं आधीच संगणकासमोर बसलेली, नवीन सॉफ्टवेअर शोधणारी होती. आपल्या कोल्डचा मालक गुगलवर ‘बेदाणा हिशेब सॉफ्टवेअर’ शोधत बसत नाही. शेजारच्या कोल्डमध्ये काय चाललंय ते बघून तो ठरवतो. त्यामुळे जाहिरातीवर पैसे घालायचेच असतील, तर तासगाव-मिरज-कवठेमहांकाळपुरती जाहिरात लावा, पानावर किंमत आणि फोन नंबर ठेवा, आणि आलेले फोन तेवढे मोजा. लाईक धरू नका. मिरजेतल्या दवाखान्यांसाठी काही करत असता तर मी जाहिरातीला जास्त महत्त्व दिलं असतं. इथे नाही.

पैसे मागायची वेळ आली की आपली पोरं कचरतात. आधी फुकट देऊ, सवय लागली की मागू, असं म्हणतात. मागणी तपासायची असेल तर हे उलटं आहे. फुकट घेणाऱ्याने तुम्हाला काहीच सांगितलेलं नसतं. हाताने चालवलेली सेवा संपली की मालकासमोर बसा, रक्कम सांगा आणि आगाऊ मागा. दोन हजार असले तरी चालतील, पण यूपीआयने किंवा चेकने, आणि पावती देऊन. पावतीवर लिहा: अमुक तारखेपर्यंत अमुक तीन गोष्टी चालू करून दिल्या नाहीत तर पूर्ण रक्कम परत. ‘आधी बनवून आणा, मग बघू’ हे उत्तर आलं तर तो नकार समजा, कितीही गोड बोलून दिलेला असला तरी. पाहुण्याने दिलेले पैसे हिशेबात धरू नका, ते तुमच्या नात्याचे आहेत. मालक पैसे द्यायला तयार नसेल, पण दुसऱ्या कोल्डवाल्याला स्वतःहून फोन लावून ‘या पोराचं एकदा बघ’ म्हणत असेल, तर त्यालाही वजन आहे. तो आपला शब्द खर्च करतोय.

किती मागायचे, याचा हिशेब आधी कागदावर करा. समजा कोल्ड १,५०० टनांचं आहे. बॉक्स १५ किलोचा धरला तर एक लाख बॉक्स झाले. बॉक्समागे २५ पैसे धरले तर वर्षाचे २५,००० रुपये. आता सांगली, तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात अशी किती कोल्ड आहेत, ती खरोखर मोजून काढा, नावांसकट यादी करा. समजा साठ निघाली. साठच्या साठ तुमच्याकडे आली तरी वर्षाला १५ लाख. पण सगळी येणार नाहीत, पाचवा हिस्सा आला तर तीन लाख. त्यात तुमचा पगार, सर्व्हर, हंगामात फोन घ्यायला एक माणूस. नोकरी सोडण्यासारखं आहे का, हे आता तुम्हीच बघा. पंढरपूर, पिंपळगाव, पलीकडे विजयपूर इथेही बेदाणा आहे, पण तिथल्या पद्धती इथल्यासारख्याच असतील असं गृहीत धरू नका. दोन वर्षांनी मागणी सिद्ध होऊनही तुम्ही हात टेकाल ते बाजार लहान असल्यामुळे. हा हिशेब करायला एक संध्याकाळ पुरते, आणि तो आधी न करणाऱ्यांचंच प्रमाण जास्त आहे.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. वीस अनोळखी शेतकऱ्यांना विचारलं आणि एकानेही पैसे दिले नाहीत, तर संख्याशास्त्राच्या साध्या ठोकताळ्याने, म्हणजे तीन भागिले वीस, पैसे देणाऱ्यांचं खरं प्रमाण साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. वीसपैकी तिघांनी दिले, तर खरं प्रमाण ३ टक्क्यांपासून ३८ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. एवढ्या लहान आकड्यावरून ‘पंधरा टक्के लोक घेणार’ असं कुणाला सांगू नका, स्वतःलाही नाही. आणि हेसुद्धा तेव्हाच, जेव्हा ती वीस माणसं कुठलीही निवड न करता घेतलेली असतील. तुमचे चाळीस तसे नाहीत.

वेळेचा मुद्दा बाहेरचा सल्लागार तुम्हाला सांगणार नाही. सध्या, दिवाळीच्या आधी, द्राक्षबागांच्या फळछाटण्या सुरू होताहेत. औषधं, मजुरी, खतं यांत शेतकऱ्याचा हात या दिवसांत तंग असतो. आत्ता त्याला पैसे मागितले तर ‘नाही’ येईल, आणि ते तुमच्या ॲपला नसेल. फेब्रुवारी ते एप्रिल बेदाणा वाळवायच्या शेडवर माल पडलेला असतो, पावसाच्या धास्तीने झोप नसते. मार्च ते मे कोल्डच्या दारात गाड्यांची रांग असते, तेव्हा मालक तुमच्याशी दोन मिनिटंही बोलणार नाही. कोल्डवाला नवीन व्यवस्थेचा विचार करू शकतो तो दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर. साठा उतरलेला असतो, पुढच्या हंगामाची तयारी सुरू असते. म्हणून हाताने चालवायची सेवा आत्ता सुरू करा, कारण दिवाळीआधीचे सौदे जोरात असतात, आणि पैशाचं बोलणं डिसेंबरात करा. एखाद्या कोल्डमध्ये नुकतंच बॉक्सवरून मोठं भांडण झालं असेल, तर तिथला होकारही जरा जपून घ्या. महिनाभराने परत विचारा.

सक्ती आली की मागणी एका दिवसात उभी राहते, हे आपल्या बाजारपेठेने पाहिलंय. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल पाठवायला ई-वे बिल लागलं, आणि संगणकाला हात न लावणाऱ्या पेढ्यांवरही टॅली चालू झालं. तुमच्या कल्पनेमागे अशी सक्ती नाही. आणि सक्तीच्या आधारावर काही बांधायचं म्हटलं, तर ती बदलतेही: बेदाण्यावर जीएसटीचा घोळ किती दिवस चालला, आणि डिसेंबर २०२४ च्या जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने स्पष्ट केलं, की शेतकऱ्याने विकलेल्या बेदाण्यावर कर नाही. कुणी त्या हिशेबावरच सॉफ्टवेअर उभं केलं असतं तर काय झालं असतं, विचार करा.

कल्पना कुणी चोरेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. कोल्डवाले सॉफ्टवेअर बनवत नाहीत, आणि सॉफ्टवेअरवाले दिवाणजीजवळ दिवसभर बसत नाहीत. निर्धास्त बोला.

सुरू करण्याआधी एका कागदावर लिहून घरात कुणाच्या तरी हाती द्या: जानेवारीअखेर किमान तीन अनोळखी कोल्डवाल्यांचे आगाऊ पैसे आले, आणि मेसेज न पाठवलेल्या दिवशी निम्म्या खात्यांकडून विचारणा झाली, तर बनवायला घ्यायचं, तेही नोकरीत राहून, मार्चमध्ये माल लागायला सुरुवात होण्याआधी पावतीवरच्या तेवढ्या तीन गोष्टी चालतील असं. एकच कोल्ड आलं तर अजून एक हंगाम हातानेच चालवा. कुणीच आलं नाही तर हे सोडा आणि त्या तीन रकान्यांचा कागद परत काढा. त्यात कदाचित वेगळीच गोष्ट दिसेल: लोक शिल्लक बॉक्सपेक्षा पट्टीचे पैसे कधी येणार हेच विचारत असतील, किंवा मालावर तारण कर्ज मिळेल का असं. आणि असंही होऊ शकतं, की कोल्डवाले खुशीने पैसे देतील पण शेतकरी मेसेज उघडणारच नाहीत. तसं झालं तर शेतकऱ्याच्या ॲपचा हट्ट धरू नका, दिवाणजीचं काम हलकं करणारं सॉफ्टवेअर बनवा.